रात्रीची सोय

सरकारी कागदावर माझं पद परिसेविका. वॉर्डात सगळे इनचार्ज सिस्टर म्हणतात, पेशंटचे नातेवाईक 'मोठ्या बाई' म्हणतात. बुलढाणा जिल्ह्यात घाटाखालच्या एका सरकारी रुग्णालयातला पुरुषांचा मेडिसिन वॉर्ड माझ्याकडे आहे. खाटा ३०, पावसाळ्यात त्याशिवाय जमिनीवर गाद्या. इंट्राकॅथ टाकणं, इंजेक्शन देणं ही कामं आता माझ्या हातून क्वचितच होतात. माझा दिवस मोजण्यात, लिहिण्यात, मागण्यात आणि भांडण्यात जातो. नव्या मुलींना वाटतं, बाईंना रजिस्टरांची हौस आहे. हौस कसली! रात्री आठनंतर या वॉर्डात एकच सिस्टर असते आणि तिला ऐनवेळी कशासाठीही पळावं लागू नये, एवढ्यासाठी तो सगळा खटाटोप. पुढे लिहिलाय तो ऑगस्टमधला दिवस. कपाशीवर फवारणी, सोयाबीनमध्ये निंदण आणि वॉर्डात पाय ठेवायला जागा नाही, असे ते दिवस.

सकाळी ७.३०

ड्यूटी आठची, पण मी अर्धा तास आधी येते. ओव्हर, म्हणजे पाळी बदलताना पेशंटची माहिती सोपवणं, सुरू झाली की सगळे बोलायला लागतात. त्याआधी वॉर्ड नुसता बघून, ऐकून घ्यायचा. ऑक्सिजनच्या बाटलीत बुडबुडे येतायत का? लघवीची पिशवी भरून जमिनीला टेकलीय का? कोणत्या सलाईनची बाटली रिकामी होऊन नळीत रक्त चढलंय? कोण उठून बसलाय आणि काल बसलेला कोण आज आडवा झालाय? यातलं निम्मं ओव्हरमध्ये सांगितलं जात नाही. कुणी लपवतं असं नव्हे, बारा तास जागलेल्या माणसाच्या ते ध्यानातच राहत नाही.

सकाळी ८.००

ओव्हर खुर्चीत बसून घ्यायची नाही, खाटेजवळ उभं राहून घ्यायची, हा माझ्या वॉर्डाचा नियम. रात्रीची सिस्टर सांगते, सकाळची ऐकते, मी दोघींच्या मागे.

"बेड सात. पॉयझनिंग, फवारणीचं औषध, दुसरा दिवस. ॲट्रोपिन चालू आहे. पहाटे चारला पल्स एकशे तीस, अंग गरम, बडबड सुरू. डॉक्टरांना कॉल केला, त्यांनी रेट कमी केला."

शेजारी बसलेली त्याची आई म्हणाली, "रातभर भिताडाशी बोलून राह्यला, बाई."

शेतात वापरली जाणारी बरीच कीटकनाशकं ऑरगॅनोफॉस्फरस गटातली. ती पोटात गेली किंवा कातडीतून भिनली की तोंडाला फेस येतो, घाम सुटतो, छातीत पाणी साचल्यासारखी घरघर लागते, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते. ॲट्रोपिन हे सगळं सुकवतं. कमी पडलं तर माणूस आतल्या आत बुडतो. जास्त झालं तर ताप चढतो, नाडी पळते, भ्रम होतो. मधली रेघ पकडायला मोठं यंत्र लागत नाही. मी सकाळच्या मुलीला म्हटलं, "काखेत हात घाल." तिने घातला. काख कोरडी. "आता बाहुली बघ, छाती ऐक, पल्स मोज आणि वेळेसकट लिही." हा चार्ट दर तासाला भरायचा. आज रात्री येणाऱ्या सिस्टरला या पेशंटची ओळख त्या कागदावरूनच होणार आहे.

सकाळी ८.४५

इमर्जन्सी ट्रे. ॲड्रेनलिन, ॲट्रोपिन, हायड्रोकॉर्टिसोन, एव्हिल, २५ टक्के डेक्स्ट्रोज, निओस्टिग्मिन. प्रत्येकाची संख्या, प्रत्येकाची एक्स्पायरी. अँबू बॅग दाबून बघायची, लॅरिंगोस्कोपचा दिवा लावून बघायचा, सक्शन मशीन चालवून बघायचं. मग रजिस्टरात सही. लॅरिंगोस्कोपच्या पेन्सिल सेलवर माझी विशेष नजर असते. घरच्या रिमोटला लागणारेच ते सेल, त्यामुळे त्यांना पाय फुटतात.

फ्रीजजवळच्या कपाटात एएसव्ही, म्हणजे सर्पविषावरचं प्रतिविष. आपल्याकडची एएसव्ही नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर चालते. पहिला डोस दहा व्हायल्सचा, म्हणून माझ्या कपाटात दहाच्या खाली आकडा गेला की मी स्टोअरला फोन करते. पावडर असते ती. पाणी घातल्यावर व्हायल हलकेच फिरवायची, खळखळ हलवली की फेस होतो आणि औषध वाया जातं. शेजारी टेस्ट ट्यूबचा डबा. त्या काचेच्याच हव्यात, नव्या आणि कोरड्या ठणठणीत. दोन मिलिलिटर रक्त घालून वीस मिनिटं हात न लावता ठेवायचं, मग आडवी करून बघायची. रक्त गोठलं नसेल तर विष रक्तात भिनलंय. प्लॅस्टिकची ट्यूब घेतली किंवा धुतलेल्या ट्यूबमध्ये साबण राहिला तर चाचणी खोटं सांगते. लॅब बंद असली तरी ही तपासणी करता येते, म्हणून ट्यूबचा डबा मी कुलपात ठेवत नाही.

सकाळी ९.४५

डॉक्टरांचा राऊंड. डॉक्टर पेशंटकडे बघतात, सकाळची सिस्टर केस पेपरवर ऑर्डर टिपते आणि मी खाटा मोजते. कोण घरी जाणार, कुणाला रेफर करायचं, कुणाची सोनोग्राफी, कुणाला रक्त. डिस्चार्ज दुपारी बारापर्यंत झाला तर खाट संध्याकाळच्या गर्दीला मिळते, चारला झाला तर पेशंट जमिनीवर झोपतो. म्हणून औषधांची चिठ्ठी, डिस्चार्ज कार्ड आणि १०२ ची गाडी यांच्या मागे लागणं हेही इनचार्जचंच काम. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी-उपचार मोफत झाले. केस पेपरचे पैसे गेले, रांग वाढली, माणसं तेवढीच राहिली.

सकाळी ११.००

नर्सिंगच्या विद्यार्थिनी वॉर्डात क्लिनिकल पोस्टिंगला आहेत. निळे एप्रन, खिशात छोटी डायरी, कमरेला घड्याळ. त्यांच्यात एक मुलगाही आहे, त्याला पहिल्या दिवसापासून सगळे 'ब्रदर' म्हणतात. बेडमेकिंग शिकवून झाल्यावर एकीने विचारलं, "मॅडम, तुमच्या खुर्चीत यायला काय लागतं?"

खुर्चीत बसलेली मी तिला कधी दिसले, हे मी विचारलं नाही. जिना सांगितला.

बारावीनंतर तीन वाटा. एएनएम दोन वर्षांची. त्या मुली बहुतेक उपकेंद्रांत जातात, लसीकरण आणि बाळंतपणं त्यांच्या अंगावर असतात. जीएनएम तीन वर्षांची. तिला कोणत्याही शाखेची बारावी चालते. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांची. तिला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं आणि आपल्या राज्यात त्यासाठी वेगळी सीईटी आहे. जीएनएम झालेल्यांना दोन वर्षांची पोस्ट बेसिक करून पदवी घेता येते. त्यापुढे एम.एस्सी. केलं तर शिकवण्याची दारं उघडतात.

पास होऊन भागत नाही. मुंबईच्या महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी झाल्याशिवाय पेशंटला हात लावायचा अधिकार नाही. १९६६ च्या कायद्याने बसवलेली ही परिषद. नोंदणी झाली की नावापुढे आर.एन., आर.एम. लागतं, म्हणजे परिचारिकाही आणि प्रसाविकाही. नूतनीकरण दर पाच वर्षांनी. तारीख विसरून, अर्ज भरायच्या आदल्या दिवशी प्रमाणपत्र शोधत बसलेल्या मुली मी पाहिल्यात, म्हणून माझ्या स्टाफच्या नूतनीकरणाच्या तारखा ड्यूटी लिस्टच्या वहीत मागच्या पानावर लिहिलेल्या आहेत.

मग नोकरी. कायम भरतीत अधिपरिचारिकेची वेतनश्रेणी ३५,४०० ते १,१२,४०० रुपये. आरोग्य विभागाने २०२३ मध्ये १०,९४९ जागांची मोठी भरती काढली, त्यात परिचारिकांच्याही जागा होत्या आणि परीक्षा संगणकावर झाली. ज्यांचं तिथे जमत नाही त्या राष्ट्रीय आरोग्य अभियानात कंत्राटी लागतात, महिना वीस हजारांच्या आसपास. काम तेच, नाईट तीच, ट्रे तोच. या कंत्राटी भरतीच्या विरोधात जुलै २०२५ मध्ये राज्यभरातल्या परिचारिका संपावर गेल्या होत्या. विद्यार्थिनींना मी हे गोड करून सांगत नाही.

"आणि मॅडम, इनचार्जची परीक्षा?"

परीक्षा नाही. सेवाज्येष्ठता, गोपनीय अहवाल आणि वरची जागा रिकामी व्हायची वाट. अधिपरिचारिकेची परिसेविका, तिची सहाय्यक अधिसेविका, तिची अधिसेविका, म्हणजे जिला आपण मेट्रन म्हणतो ती. गंमत अशी की एक पायरी चढली की पेशंट एक हात लांब जातो. मुलगी वीस वर्षं शीर शोधण्यात तरबेज होते, मग एक दिवस तिला बढती मिळते आणि ती चादरी मोजायला लागते. चादरी कशा मोजायच्या हे तिला कुणी शिकवलेलं नसतं. घाटावर बुलढाण्यात २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालंय, तेव्हा जिल्ह्यात खाटाही वाढतील आणि त्या चालवणाऱ्या इनचार्जही लागतील. चांगली स्टाफ नर्स आपोआप चांगली इनचार्ज होते, हा समज तोवर गेलेला बरा.

दुपारी १२.३०

पुढच्या आठवड्याची ड्यूटी लिस्ट. या कामाला मी दार लावून बसते.

हिशेब साधा आहे. वॉर्डात चोवीस तास एक सिस्टर उभी ठेवायची तर आठवड्याला २१ पाळ्या भरायच्या. एकीच्या वाट्याला सहा पाळ्या धरल्या तर साडेतीन जणी झाल्या. आजारपण, बाळंतपण, प्रशिक्षण, रजा यांसाठी भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे ३० टक्के राखीव धरा. आकडा साडेचारच्या वर जातो. म्हणजे एका जागेला जवळजवळ पाच माणसं. त्याच परिषदेचा निकष साध्या रुग्णालयात पाच पेशंटमागे एक परिचारिका असा आहे, शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तिनामागे एक. माझ्या तीस खाटांना हे लावून बघा आणि मग रात्रीच्या एकीकडे बघा.

तुटवडा भरून काढायचा तो माणसांच्या समजूतदारपणावर. या वेळी महालक्ष्म्या आल्यात. आमच्याकडे तीन दिवस घराघरात महालक्ष्म्या बसतात आणि जेवणाच्या दिवशी सून घरी नसेल तर सासूच्या तोंडाला लागायची सोय राहत नाही. पाच जणींनी एकच दिवस मागितला. आमच्या स्टाफमधली एक मुस्लिम मुलगी दरवर्षी त्या दिवशी स्वतःहून डबल करते आणि ईदला तिच्या जागी कुणीतरी उभी राहते. हे कुठल्या शासन निर्णयात लिहिलेलं नाही. कुणी मागच्या वेळी किती दिलं याची आठवण मात्र मला ठेवावी लागते. ड्यूटी लिस्टमध्ये अन्याय झाला तर तो स्टाफ रूममध्ये महिनाभर धुमसतो आणि शेवटी एखाद्या रात्री कुणीतरी ऐनवेळी 'आजारी' पडतं.

दुपारी २.००

दुसरी ओव्हर, पुन्हा खाटेजवळ. मग डबा. ज्वारीची भाकरी, चवळीची भाजी, मिरचीचा ठेचा आणि कुणाच्या तरी घरची शेगाव कचोरी, सकाळची, गार झालेली. पंधरा मिनिटं मिळतात. त्यात दोनदा दार वाजतं.

दुपारी ३.००

बेड एकोणीस. संग्रामपूर तालुक्यातले काका, वय साठच्या पुढे, दोन्ही मूत्रपिंडं थकलेली. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा हा पट्टा खारपाणाचा. विहिरीचं पाणी इतकं खारट की डाळ शिजत नाही. या भागातल्या मूत्रपिंडाच्या आजाराची चर्चा मी नोकरीला लागले तेव्हापासून ऐकते आहे आणि डायलिसिसच्या यादीत त्या गावांची नावं पुन्हा पुन्हा वाचते.

काकांना घरी जायचं होतं. मुलगा सही करायला तयार. अशा जाण्याला आम्ही डामा म्हणतो, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध. फॉर्म पुढे केला की पाच मिनिटांत खाट मोकळी होते. मी स्टूल ओढून बसले.

"काऊन जायचं म्हणता?"

"बाई, इथं दोघं अडकून पडलो. वावरात निंदण चालू हाये. ढोरं कोन पाहीन?"

पैशाचं नव्हतंच ते. सोबतीला माणूस नाही, एवढंच होतं. समाजसेवा अधीक्षकांना बोलावलं, मुलाला संध्याकाळी गावी जाऊन सकाळी यायची परवानगी दिली, रात्री काकांकडे लक्ष ठेवायला शेजारच्या खाटेवरच्या नातेवाइकाला सांगितलं आणि रात्रीच्या सिस्टरसाठी फळ्यावर लिहिलं: 'बेड १९, सोबत कोणी नाही.' महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या कागदांवर सह्या झाल्या. काका राहिले. असल्या कामाला रजिस्टर नाही.

दुपारी ४.१०

कागदावर माझी सुट्टी चारला होते. पर्स खांद्याला लावली आणि कॅज्युअल्टीतून ट्रॉली आली. विशीतला पोरगा, पाय गुडघ्यापर्यंत सुजलेला, घोट्याजवळ दोन ठिपके, मागून धापा टाकत येणारा बाप. "बाई, पोराले पान लागलं! धुऱ्यावर गवत कापत होता." पान लागलं म्हणजे साप चावला. कॅज्युअल्टीत वीस मिनिटांच्या चाचणीत रक्त गोठलं नव्हतं. तिथे जागा नाही म्हणून एएसव्ही सुरू करून त्याला आमच्याकडे पाठवला होता.

दुपारच्या पाळीला कंत्राटी मुलगी, नोकरीत नवी. एएसव्ही घोड्याच्या रक्तापासून बनते. काही पेशंटचं शरीर तिच्यावरच उलटतं, म्हणून पहिला अर्धा तास खाट सोडायची नाही. ती उभी होती, मी तिच्या मागे. सातआठ मिनिटांत पोरगा मान खाजवायला लागला. छातीवर गांधी उठल्या. मग कोरडा खोकला, एक ओकारी आणि तो म्हणाला, "मले कसंतरीच होऊन राह्यलं."

माझे हात शिवशिवले. पाठीमागे बांधून ठेवावेत तसे मी ते आवरले, कारण आज मी केलं तर रात्री ती कुणाकडे बघणार? तिने आधी सलाईनची कळ बंद केली. कक्षसेवकाला डॉक्टरांकडे पिटाळलं. ट्रेवर चिकटवलेली डॉक्टरांच्या सहीची लेखी सूचना तिला पाठ होती: ॲड्रेनलिन अर्धा मिलिलिटर, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. ॲम्प्यूल जागेवर, सिरिंज जागेवर. दिलं. ऑक्सिजन लावला, पाय उंच केले, बीपी घेतलं: वरचं ८०. डॉक्टर पोचले तेव्हा वरचं ९६ होतं. एव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोन त्यांनी दिलं आणि गांधी उतरल्यावर एएसव्ही पुन्हा हळू वेगाने सुरू केली. थांबवून टाकली असती तर विष राहिलंच असतं.

मुलीचे हात नंतर थरथरायला लागले. तिला पाणी दिलं, मग पेन दिलं. किती वाजता कळ बंद केली, किती वाजता इंजेक्शन, किती वाजता बीपी, सगळं लिहून घेतलं. पुढची गोठण्याची चाचणी सहा तासांनी, म्हणजे ती रात्रीच्या पाळीत येणार.

संध्याकाळी ५.१५

तेवढ्यात दारात वीसेक माणसं जमली. गावातून जीप भरून आली होती, आवाज चढले होते. "इंजेक्शन चुकीचं देल्लं म्हनते!" २०१० च्या कायद्याने रुग्णालयात मारहाण, तोडफोड हा अजामीनपात्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि त्या कायद्यात परिचारिकाही येतात. पाटी भिंतीवर लावलेली आहे. पण दारात उभ्या जमावाला कायदा वाचून दाखवून चालत नाही. मी बापाला हाताला धरून आत नेलं. पोराने डोळे उघडून त्याला हाक मारली. "आता तुम्हीच बाहेर जाऊन सांगा," म्हटलं. त्याने सांगितलं. सुरक्षारक्षकाला रात्री या दाराशी बसायला सांगून मी नोंद केली.

संध्याकाळी ६.००

निघायच्या आधी शेवटची फेरी. ॲड्रेनलिन वापरलं, तेवढं स्टोअरमधून आणून ट्रेमध्ये भरलं. एएसव्हीच्या दहा व्हायल्स कॅज्युअल्टीकडून लिहून घेतल्या. सिलिंडर दोन भरलेले, एक चालू. जनरेटरवर सक्शनचा पॉइंट चालतो का ते बघितलं. एवढ्यात रात्रीच्या सिस्टरचा फोन: मुलाला ताप आहे, येते पण थोडा उशीर होईल. दुपारच्या मुलीला विचारलं, ती साडेआठपर्यंत थांबायला तयार झाली. ते तिच्या नावापुढे वहीत लिहिलं, म्हणजे पुढच्या महिन्यात ती मागेल तेव्हा मला नाही म्हणता येणार नाही.

ही सगळी तयारी कशासाठी? १ जुलै २०२३ च्या मध्यरात्री दीडच्या सुमाराला सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर नागपूरहून पुण्याकडे निघालेली बस उलटून पेटली आणि २५ माणसं गेली. मोठी संकटं ड्यूटी लिस्ट बघून येत नाहीत, आणि लहान तर रोजच रात्री येतात. त्या वेळी मेट्रन, सिव्हिल सर्जन, मंत्री, सगळे फोनवर असतात. खाटेजवळ एकटी स्टाफ नर्स असते, आणि दिवसा कुणीतरी भरून ठेवलेला ट्रे.

आमची कामगिरी तपासायला पथकं येतात, सकाळी दहाला, आधी कळवून. त्या दिवशी सगळेच वॉर्ड चकाचक असतात. इनचार्ज कशी आहे हे खरंच पारखायचं असेल तर तिच्या रजेच्या दिवशी रात्री दोनला यावं आणि लॅरिंगोस्कोपचा दिवा लावून बघावा.